फिनलंड वृत्तपत्राचा कागद आयात करतं, यात आनंद कसला?

गेला आठवडाभर आपल्या जळगाव-भुसावळच्या तीन-चार ग्रुपांवर एक आलेख फिरतोय. तुम्हालाही आला असेल. दोन रेषा आहेत, लाल ब्रिटनची आणि निळी फिनलंडची. खाली वर्षं, डावीकडे डॉलर. दर वर्षी त्या देशाने किती डॉलरचा न्यूजप्रिंट, म्हणजे वृत्तपत्राचा कागद, बाहेरून आणला ते दाखवलंय. लाल रेषा गेली कित्येक वर्षं घसरत चाललीय. निळी जन्मभर तळाला चिकटून होती, ती अगदी शेवटी उचललीय. वर मथळा: ब्रिटनने वाचणं सोडलं, फिनलंडने धरलं!

इथपर्यंत ठीक होतं. फॉरवर्ड येतात आणि जातात. पण आपल्यातल्याच एका चांगल्या वाचत्या माणसाने त्याखाली लिहिलं की वृत्तपत्रांचं माहेरघर म्हणवणाऱ्या देशातच ती संपली, आपण काही फिनलंड नाही, तेव्हा नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या टेंडर नोटिसा छापील पेपरात द्यायची पद्धत बंद करा. खाली दीड-दोनशे अंगठे. म्हणून लिहायला बसलो.

माझी ओळख नव्या मंडळींसाठी: मी 22 वर्षं एका जिल्हा दैनिकात कागद खरेदीला होतो. संपादक नाही, वार्ताहर नाही. ट्रकमधून उतरलेलं रीळ दबलंय का, कडा फाटल्यात का, ओल लागलीय का, 45 जीएसएम सांगून 48 तर माथी मारला नाही ना, हे बघणारा माणूस. रात्री दीडला मशीनवर कागद तुटला की शिव्या मला. त्यामुळे न्यूजप्रिंटचे आकडे बघायची सवय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे देशवार तक्ते 1961 पासूनचे आहेत, कुणालाही बघता येतात. त्यात आयातीचं मूल्य एका रकान्यात असतं आणि टन दुसऱ्या रकान्यात. आलेखवाल्याने पहिला रकाना घेतला, दुसरा सोडला. उत्पादन तर बघितलंच नाही.

आधी फिनलंडचं सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

फिनलंडची निळी रेषा इतकी वर्षं तळाला का होती? तिथली माणसं वाचत नव्हती म्हणून? अहो, तो देश म्हणजे तीन चतुर्थांश जंगल. लोकसंख्या साधारण 55 लाख. स्प्रूसचं लाकूड दळून लगदा करायचा आणि कागद जगाला विकायचा, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. न्यूजप्रिंटच्या मोठ्या निर्यातदारांत त्यांचं नाव. लंडनचे पेपर ज्या कागदावर छापले जात त्यातला बराच तिथून यायचा. ज्याच्या अंगणात विहीर आहे तो टँकर कशाला मागवेल? आयात जवळजवळ शून्य होती आणि घरोघर पहाटे पेपर पडत होता. हेलसिंगिन सानोमात हा त्यांचा सगळ्यात मोठा दैनिक पेपर, 1889 पासूनचा. वर्गणी भरायची आणि सकाळी दारात पेपर, ही तिथली रीत.

मग रेषा उचलली कशी? 26 ऑगस्ट 2020 ला यूपीएम कंपनीने जाहीर केलं की काइपोला इथली कागदगिरणी बंद करणार. काइपोला हे याम्सा गावाजवळ, प्याइयान्ने नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठावर. साधारण 450 माणसांची नोकरी. वर्षाला 7 लाख 20 हजार टन छपाईचा कागद बनवण्याची क्षमता कायमची बंद. त्या वर्षाच्या डिसेंबरात गिरणी थांबली. आणि फिनलंडमध्ये न्यूजप्रिंट बनवणारी ती शेवटची गिरणी होती. कागद विकून मोठा झालेला देश 2021 च्या जानेवारीपासून स्वतःचा पेपर छापायला बाहेरचा कागद घेऊ लागला. शेजारी स्वीडन आहे म्हणून बरं.

म्हणजे ज्या रेषेला आपल्या ग्रुपवर टाळ्या पडल्या ती 450 घरांच्या चुलीवरून गेलेली रेषा आहे. त्यावेळी तिथे मोठा गदारोळ झाला. पंतप्रधान सन्ना मारिन यांनीही कंपनीवर उघड टीका केली होती, कारण कंपनी तोट्यात नव्हती. कंपनीचं म्हणणं असं की छपाईच्या कागदाची मागणी युरोपभर वर्षानुवर्षं घटतेय आणि फिनलंडात खर्च जास्त पडतो. दोन्ही बाजूंत तथ्य होतं असं मला वाटतं. पण "फिनलंडने वाचणं धरलं" हे त्यात कुठे बसतं ते मला सांगा.

आणखी एक. रेषा शून्याजवळून निघाली की टक्केवारी वेडीवाकडी दिसते. एक रीळ आणणाऱ्याने दहा आणली तर वाढ 900 टक्के. त्या फॉरवर्डमध्ये अशी एक टक्केवारीही टाकलीय. ती वाचून हसावं की रडावं कळत नाही.

माझा भाचा कामानिमित्त तांपेरेला असतो, याम्सापासून फार लांब नाही. त्याला फोन लावला. म्हणाला, "मामा, तुम्ही कुठे कागदाच्या मागे लागलात? इथे माझ्या वयाचं कुणी पेपर हातात घेत नाही, सगळे मोबाइलवर वर्गणी भरून वाचतात. शेजारच्या आजोबांकडे मात्र येतो रोज." हे ऐकून मला बरं वाटलं आणि वाईटही. बरं यासाठी की तिथे लोक बातमीला पैसे मोजतात, मग ती कागदावर असो की काचेवर. हा फरक आयातीच्या कुठल्याही रकान्यात दिसणार नाही.

आता ब्रिटन.

ब्रिटनची गोष्ट उलटी. त्यांच्याकडे पुरेसं लाकूड नाही, पण पेपर वाचायची भूक प्रचंड. कागदावरचा कर 1861 मध्ये गेला, पेपर स्वस्त झाले, खप वाढला आणि कागद अपुरा पडू लागला. एवढा, की डेली मेलच्या नॉर्थक्लिफने थेट न्यूफाउंडलंडमध्ये, अटलांटिकपलीकडे, ग्रँड फॉल्स इथे गिरणी उभारली. 1909 मध्ये ती सुरू झाली. मालकाने पेपरासाठी दुसऱ्या खंडातलं जंगल धरून ठेवलं होतं! ती गिरणी 2009 मध्ये बंद पडली.

या परावलंबनाची किंमत त्यांनी 1940 मध्ये मोजली. एप्रिलमध्ये जर्मनीने नॉर्वे घेतलं आणि बाल्टिक समुद्राकडचा रस्ता बंद झाला. न्यूजप्रिंटवर रेशन आलं. मोठमोठे पेपर चार पानांवर आले. युद्ध 1945 मध्ये संपलं, पण न्यूजप्रिंटचं सरकारी रेशन 1956 च्या अखेरीपर्यंत चाललं. डॉलर नव्हते, कॅनडाचा कागद डॉलरमध्ये. आता बघा, याच काळात आयातीची रेषा काढली तर ती खाली दिसेल. लोक वाचत नव्हते का? न्यूज ऑफ द वर्ल्ड हा रविवारचा पेपर 1950 च्या सुमारास 80 लाखांच्या वर खपत होता. पानं कमी, वाचक विक्रमी. आयात घटली म्हणजे वाचन घटलं, हे गणित तिथेच मोडतं.

नंतर 1973 मध्ये ब्रिटन युरोपच्या सामाईक बाजारात गेलं. फिनलंड त्यात नव्हतं, पण त्यांचा मुक्त व्यापाराचा करार झाला, फक्त कागदावरचं शुल्क हळूहळू उतरवत 1984 च्या सुरुवातीला शून्यावर आणलं. झालं, कॅनडाचा कागद मागे पडला. युरोपने कॅनडाला लागू असलेला बिनशुल्क कोटा 15 लाख टनांवरून 5 लाख टनांवर आणला, कॅनडा गॅटकडे तक्रार घेऊन गेला आणि 1984 मध्येच निकाल कॅनडाच्या बाजूने लागला. चहाच्या टपरीवर न्यूजप्रिंट हा शब्द काढला तर लोक जांभई देतात, पण त्यावरून देश एकमेकांना कोर्टात खेचतात.

2000 च्या आसपास ब्रिटन वर्षाला दहा लाख टनांहून जास्त न्यूजप्रिंट बाहेरून घेत होतं. तिथून पुढे रेषा उतरली. का उतरली? खप घटला हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. सन 40 लाखांच्या खाली, मग 30, मग 20, आणि 2020 मध्ये तर त्यांनी खपाचे आकडे जाहीर करणंच थांबवलं. पण फक्त तेवढंच नाही. 2009 मध्ये किंग्ज लिन इथे पाम या जर्मन कंपनीची गिरणी सुरू झाली, वर्षाला 4 लाख टन न्यूजप्रिंट, सगळा रद्दीपासून. म्हणजे बाहेरचा कागद घरच्या कागदाने हटवला. रेषा त्यानेही उतरते. उलट बाजूने 2015 मध्ये केंटमधली आयल्सफर्डची गिरणी बुडाली आणि 2021 मध्ये वेल्समधली शॉटनची गिरणी यूपीएमने एका तुर्की उद्योगसमूहाला विकली. तिथे आता न्यूजप्रिंट नाही, खोक्यांचा पुठ्ठा. ऑनलाइन खरेदीची खोकी हो. अशा वेळी आयात वाढायला हवी होती. पण मागणीच इतकी पडली की ती वाढ दिसली नाही.

एकाच रेषेत एवढ्या गोष्टी गुंतल्यात. आणि अजून पैशाचं बोललोच नाही.

मूल्य डॉलरमध्ये आहे. ब्रिटनचा व्यवहार पौंडात, फिनलंडचा आधी मार्क्कात आणि मग युरोत. 1967 मध्ये फिनलंडने 12 ऑक्टोबरला मार्क्काचं अवमूल्यन केलं, आणि महिनाभरात, 18 नोव्हेंबरला, ब्रिटनने पौंड 2.80 डॉलरवरून 2.40 वर आणला. 25 वर्षांनी पुन्हा तेच. 8 सप्टेंबर 1992 ला फिनलंडने मार्क्का मोकळा सोडला, 16 सप्टेंबरला पौंड युरोपच्या विनिमय व्यवस्थेतून बाहेर पडला. ज्याने कागद विकायचा आणि ज्याने घ्यायचा ते दोघे दोनदा पाठोपाठ घसरले. फिनलंडमध्ये तर चलन पाडणं हा कागदगिरण्या तगवायचा जुना उपायच मानला जायचा. पुढे 23 जून 2016 ला ब्रेक्झिटचं मतदान झालं आणि रातोरात पौंड 1.50 डॉलरवरून 1.33 च्या आसपास आला. लंडनच्या प्रकाशकाला बाहेरचा कागद महाग झाला, आणि पौंडात फुगलेला हाच खर्च डॉलरच्या आलेखावर फुगलेला दिसत नाही.

भावाचं तर विचारूच नका. 1995 मध्ये न्यूजप्रिंट जगभर भडकला होता, आमच्यासारख्या जुन्यांना आठवत असेल. मग 2022. फिनलंडमध्ये यूपीएमच्या गिरण्यांत 1 जानेवारीपासून 22 एप्रिलपर्यंत संप, मध्ये युक्रेनचं युद्ध, गॅस आणि विजेचे दर आकाशाला. युरोपात न्यूजप्रिंटचा भाव वर्षभरात दुपटीच्या आसपास गेला. आता एक हिशेब करू, आकडे समजण्यापुरते घेतलेत. एखादा देश 1000 टन घेत होता, 500 डॉलर दराने. बिल 5 लाख. पुढच्या वर्षी 600 टनच घेतला, पण दर 900. बिल 5 लाख 40 हजार. आलेखात रेषा वर गेली. कागद मात्र 40 टक्के कमी आला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 2022 च्या मार्चमध्ये आमच्याकडे अगदी हेच झालं. युरोपातला आणि रशियातला कागद अडला, जहाजभाडं वाढलं, आयात कागदाचा दर इथेही दुपटीच्या घरात गेला. आमच्या मालकांनी 12 पानांचा अंक 8 पानांवर आणला. नव्या हिशेबनीसाने वर्षअखेरीला कागदाच्या बिलाची बेरीज केली आणि मला विचारलं, "साहेब, खप वाढला का आपला? खर्च तर मागच्या वर्षापेक्षा जास्त आहे." पोरगं हुशार होतं, चूक त्याची नव्हती. त्याच्यासमोर फक्त रुपये होते. मी त्याला गोदामात नेलं आणि रिकामी जागा दाखवली.

त्या चार पानांत काय गेलं माहितीय? रावेर, यावल, बोदवड, मुक्ताईनगरची तालुका पानं गेली. संपादकीय नाही गेलं, सिनेमाचं पान नाही गेलं. केळीचे भाव, बोर्डावरचे लिलाव, ग्रामसभेच्या भांडणाच्या चार ओळी, ते गेलं. तिथले वार्ताहर मानधनावर होते, त्यांना "सध्या थांबा" असा निरोप गेला. तो निरोप फोनवर सांगायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडायचं होतं, आणि त्यातल्या दोघांना मी ओळखत होतो म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. एकाने फक्त "बरं" म्हटलं आणि ठेवला. भाव उतरल्यावर दोन पानं परत आली. तालुका पानं आली नाहीत.

आपल्या भागाला तर कागदाचं हे राजकारण नवं नाही. भुसावळहून इटारसीच्या गाडीत बसलात की बऱ्हाणपूर गेल्यावर नेपानगर लागतं. देशातली न्यूजप्रिंटची पहिली गिरणी तिथली, 1956 मध्ये नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झालेली. सालई आणि बांबूवर चालायची. माझ्या उमेदीच्या काळात तिथला कागद काळपट असतो म्हणून छपाईवाले नाक मुरडायचे, पण कोटा तिथून मिळायचा आणि घ्यावा लागायचा. त्याच 1956 मध्ये सरकारने पेपरची किंमत आणि पानं यांचं प्रमाण ठरवणारा कायदा केला, 1960 मध्ये त्याखाली आदेश काढला. अमुक किमतीला अमुकच पानं. आपल्या पुण्याचा सकाळ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1961 मध्ये जिंकला. पानं कमी करायला लावणं किंवा किंमत वाढवायला लावणं म्हणजे खप कमी करणं, आणि खप कमी करणं म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला, असा त्या निकालाचा अर्थ. पुढे 1972 मध्ये दहा पानांची मर्यादा घालणारं न्यूजप्रिंट धोरणही न्यायालयाने मोडीत काढलं. आणि 2019 च्या अर्थसंकल्पात आयात न्यूजप्रिंटवर 10 टक्के सीमाशुल्क लागलं, पुढच्या वर्षी ते 5 वर आलं. त्या सहा-सात महिन्यांत छोट्या पेपरांची काय तारांबळ उडाली ती मी डोळ्यांनी पाहिलीय.

तर आता नोटिसांकडे येतो. छापील पेपरचा वाचक घटलाय, हे मला कुणी सांगायला नको. गोदामातली रिळं मीच मोजत होतो. नोटिसा ऑनलाइन असाव्यात, जरूर असाव्यात, माझा विरोध नाही. पण पेपरातून काढून टाका म्हणणाऱ्यांनी ब्रिटन-फिनलंडचा दाखला देऊ नये. त्या आलेखात वाचक नाहीतच, कुठेच. त्यात गिरण्या आहेत, चलन आहे, संप आहे, विजेचा दर आहे. आपल्याला प्रश्न वेगळा विचारायचाय: यावलच्या गटाराचं टेंडर निघालं हे यावलमधल्या किती लोकांना कळतं, आणि कुठून कळतं? पेपर विकणाऱ्या पोराला विचारा, सलूनमध्ये विचारा, ग्रामपंचायतीच्या शिपायाला विचारा. संकेतस्थळावर नोटीस टाकली आणि ती कुणी उघडलीच नाही तर ठेकेदाराला बरंच आहे. छोट्या पेपराला त्या जाहिरातीतून चार पैसे मिळतात, त्यात लाचारीही येते, हेही मला ठाऊक आहे. जाहिरात बंद होईल म्हणून अडवलेल्या बातम्या मी टेबलावर पडलेल्या पाहिल्यात. ही खरी अडचण आहे, त्यावर भांडू.

ज्या मित्राने ती सूचना केली तो माझा जुना दोस्त आहे. त्याला फोन केला. म्हणाला, "भाऊ, आकडे तर खरे आहेत ना?" आकडे खरे असतीलही. मी त्याला टनांचा रकाना आणि शेजारी दोन्ही देशांतल्या उत्पादनाचा रकाना लावून पाठवलाय. फिनलंडच्या उत्पादनाची रेषा 2020 संपताना कशी तुटते ते त्यात स्पष्ट दिसतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

नियम सरकारचे आहेत, पण नगरपालिकेने ठराव करून वर पाठवावा असं काही सदस्यांच्या मनात आहे, आणि त्यांच्या हातात हाच आलेख आहे असं कानावर आलंय. पुढच्या सर्वसाधारण सभेला मी प्रेक्षक गॅलरीत असणार, दोन्ही तक्ते छापून घेऊन. दहा-बारा प्रती जास्तीच्या काढतोय, ज्यांना हव्यात त्यांनी आदल्या दिवशी कळवा.